कोनी पोर शे वं तू?

वाचकांचं पत्र (थोडं आवरून): “माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, तापीकाठचं एक लहान गाव. पण मी वाढले सुरतेत, उधन्याला. वडील लूमवर कामाला होते. सातवीपर्यंत तिथल्याच मराठी शाळेत शिकले, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जायचे. १९९४ ला प्लेगच्या वेळी आम्ही एका रात्रीत गाव गाठलं, तेव्हा मी तिसरीत होते. दिवाळीनंतर परत गेलो. गावात मला ‘सुरतवाली’ म्हणत आणि सुरतेत ‘खानदेशी’. आता पुण्यात स्थायिक आहे. यंदा कानबाईला, म्हणजे श्रावणातल्या आमच्या देवीच्या सणाला, सगळे भाऊबंद गावी जमणार आहेत. तिथं वाचायला घराण्यावर आणि माझ्या लहानपणावर एक कविता लिहायची आहे. चार ओळी झाल्या, पुढं गाडं सरकत नाही. अहिराणीत लिहू की मराठीत? यमक हवंच का? आणि आमच्या आत्याच्या हिश्श्याची एक गोष्ट घरात कुणी बोलत नाही, ती घ्यावी का? ओळी अशा आहेत:

तापीकाठी माझे गाव, हिरवे हिरवे रान
आजीच्या मायेने भरले बालपण माझे छान
संस्कारांची शिदोरी घेऊन आले मी शहरात
मातीचा तो सुगंध अजून दरवळतो उरात”

प्रिय ताई,

आधी तुमच्या ओळींची एक झटपट परीक्षा घेऊ. तापीच्या जागी कृष्णा घाला, कविता सांगलीची झाली. वैनगंगा घाला, भंडाऱ्याची झाली. कुठंही अडलं नाही. जिच्यातली नदी अशी सहज बदलता येते ती ओळ तुमच्या घराण्याची नव्हे, शाळेच्या निबंधाच्या वहीतली आहे. आणि ‘हिरवे हिरवे रान’ तुम्ही पाहिलंत कधी? सुट्टी मे महिन्यातली. तेव्हा तुमच्याकडच्या काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, दादर ज्वारी कधीच खळ्यावरून घरात गेलेली असते आणि बांधाला कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग लागलेले असतात. लिहिताना डोळ्यांपुढचं सोडून कानावर पडलेलं उतरवलं की असं होतं.

पत्रातली मात्र एक ओळ या चारही ओळींना भारी आहे: गावात सुरतवाली, सुरतेत खानदेशी. कविता तिथं आहे. तुम्ही मुळं शोधायला थेट गावात जाता आहात, म्हणून अडल्या आहात. तुमचं लहानपण गाव आणि उधना यांच्यामधल्या गाडीत गेलंय. त्या गाडीसकट लिहा. एक टोक निवडायची गरज नाही.

आधी वही, मग कविता

पहिला आठवडा कवितेची एक ओळही लिहू नका. एका वहीत रकाने पाडा: माणसं आणि त्यांना घरात मारली जाणारी हाक, वस्तू, कानावर पडलेली वाक्यं जशीच्या तशी, जागा, आणि शेवटचा रकाना मार, भीती, लाज यांचा. साठ ते ऐंशी नोंदी होऊ द्या. पहिल्या वीस सगळ्यांच्याच असतात: आजी, चूल, झोका, आंबे. चाळिशीच्या पुढं गेल्यावर तुमच्या एकटीच्या नोंदी सुरू होतात. त्यातल्या बारा-पंधरा कवितेत येतील, बाकीच्या वहीतच राहतील. त्या वाया गेल्या असं समजू नका, कुठली बारा घ्यायची ते त्यांच्यामुळंच कळतं.

शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात आणि कविता गोडमिट्ट होते. तो किमान आठ नोंदींनी भरा.

आईला, आत्याला फोन करताना “जुने दिवस कसे होते गं?” असं विचारू नका. “काय सांगू, हाल होते” एवढं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. प्रश्न वस्तूला धरून विचारा. धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, खारी माती कोण चढवायचं, रोहिण्या लागायच्या आधी की पहिला पाऊस पडून गेल्यावर? गळायला लागलं की पहिलं भांडं घरात कुठं ठेवायचे? धाब्यात उजेडासाठी जे भोक असायचं त्याला आपल्या घरी काय म्हणत? सुरतेहून निघताना दशम्या किती बांधायची, आणि कशात? खापराची पोळी कुणाच्या हातची चांगली व्हायची, कुणाच्या हातची फाटायची? आईची परवानगी घेऊन फोन ध्वनिमुद्रित करा आणि लिहून काढताना तिचं वाक्य शुद्ध करत बसू नका. मध्येच गुजराती शब्द आला तर तो ठेवा. सुरतेत संसार केलेल्या बाईच्या बोलण्यात तो येणारच, आणि कवितेला तोच हवा आहे.

कागद बघा

घराण्यावर लिहायचं तर कपाटातली पत्र्याची पेटी उघडायलाच हवी. आजोबांचा शाळेचा दाखला सापडला तर त्यावर ‘जिल्हा पूर्व खानदेश’ असेल. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली. म्हणजे आजोबांचा आणि तुमचा जिल्हा कागदावर वेगळा, गाव मात्र तेच. जन्मतारीख १ जून असेल तर ती खरी असेलच असं नाही. गुरुजींनी शाळेत नाव घालताना वय अंदाजानं धरून १ जून टाकायची रीत खेडोपाडी होती. घरात १ जूनचे किती जण निघतात ते मोजा. तीन निघाले तर ओळ तयारच आहे.

सातबारा आणि जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात. जुने कागद मोडी लिपीत असू शकतात, मग वाचणारा गाठावा लागेल. वारस फेरफारात बायकांची नावं नीट बघा. मुलांची नावं कब्जेदार म्हणून आणि मुलींची ‘इतर हक्क’ या रकान्यात, अशी जुनी नोंद सर्रास दिसते. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या गावाचे तीर्थोपाध्याय असतील. गाव आणि आडनाव सांगितलं की ते बाडातून मागच्या पिढ्यांची नावं काढून दाखवतात. काही समाजांत वंशावळीची वही ठेवणारे भाट घरी येतात. तुमच्याकडे येत असतील तर वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल.

तुमचे स्वतःचे कागदही काढा. गुजरातच्या कागदांवर बाईच्या नावाला ‘बेन’ चिकटतं. गावात लाडाचं एक नाव, उधन्याच्या कागदावर ‘बेन’, पुण्यात ‘मॅडम’. हे तुमच्या बाबतीत खरं असेल तर ‘ओळख’ हा शब्द कवितेत एकदाही न वापरता ओळखीवर लिहून होतं.

पण कागद कवितेत ओतू नका. गट नंबर, सन, पणजोबाच्या पणजोबाचं नाव असं एकामागून एक आलं की ऐकणाऱ्याला तलाठी वाचतोय असं वाटतं. कागदातली एक, फार तर दोन गोष्टी घ्या.

कणा कुठला धरायचा

साहित्य जमलं की ते बांधायला दोर लागतो. मुळांवरच्या कवितेत सगळ्यात सोपा प्रकार यादीचा. ‘मी अमक्याची, मी तमक्याची’ असं म्हणत एकेक वस्तू मांडत जायची. तो वाईट नाही, शाळकरी मुलांकडून लिहून घ्यायला तर उत्तमच. पण पंधराव्या ओळीला तो थकतो. ओळींची जागा बदलली तरी काही बिघडत नाही, म्हणजे कविता पुढं जातच नाही.

तुमच्याकडे त्याहून बरा कणा आहे, प्रश्नाचा. गावात शिरणाऱ्या कुठल्याही पोरीला पारावरचा म्हातारा विचारतो, “कोनी पोर शे वं तू?” तिथं तुमचं नाव सांगून भागत नाही, “आबानी नात” असं सांगावं लागतं. उधन्याला शेजारीण विचारते, “कया गामना?” पुण्यात सोसायटीत विचारतात, “मूळ गाव कुठलं तुमचं?” तीन जागा, तीन भाषा, प्रश्न जवळजवळ एकच. प्रत्येक वेळी मुलीचं उत्तर थोडं बदलतं. पहिल्या खेपेला ती पटकन सांगते, दुसऱ्या खेपेला अडखळते, तिसऱ्या खेपेला काय करते ते तुम्हाला लिहिता लिहिता कळेल, आधी ठरवू नका. प्रत्येक प्रश्नाखाली आठ-दहा ओळी, म्हणजे एकूण चोवीस ते तीस. वाचायला दीड-दोन मिनिटं लागतील, आणि जमलेल्या भाऊबंदांसमोर तेवढंच बरं.

दुसरा पर्याय गाडीचा. सुरत-भुसावळ मार्गावरची स्टेशनं हाच कणा: बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर. यातलं नवापूर सोडू नका. त्या स्टेशनाचा एक भाग गुजरातेत आणि एक महाराष्ट्रात आहे. तुमच्या प्रश्नाचं यापेक्षा नेमकं ठिकाण कल्पनेनंही सुचलं नसतं. पण तिथं ‘मीही अशीच अर्धी अर्धी’ असं लिहाल तर सगळं घालवाल. फलाटावर मुलगी काय करते ते लिहा: एका बाजूला उभी राहते, दोन पावलं टाकते, आईला विचारते आपण आता कुठं आहोत. आई जे खरंच म्हणाली असेल ते लिहा.

दोन्ही कणे एकत्र घ्यायचा मोह होईल. तीस ओळींत दोन मावत नाहीत. भाऊबंदांत वाचायची आहे म्हणून आमचं मत प्रश्नाला. गाडी त्याच्या मधल्या भागात येऊ शकते.

एक ओळ उलगडून

आता तुमची दुसरी ओळ घेऊ: आजीच्या मायेने भरले बालपण. माया दिसत नाही, आजीचे हात दिसतात. हात काय करत होते? कानबाईचंच घ्या. खानदेशात अनेक घरांत रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या नैवेद्यासाठी, घरातल्या लहानमोठ्या पुरुषांच्या नावानं प्रत्येकी सव्वा मूठ धान्य मोजून घेतात. तुमच्या घरची रीत कशी होती ते आईकडून पक्कं करून घ्या, कारण ऐकायला सगळं कुळच बसलेलं असणार. तशीच असेल तर पहिला कच्चा खर्डा असा होईल:

कानबाई आली की आजी खूप प्रेमाने
सर्वांच्या नावाने धान्य मोजत असे
पण मुलींच्या नावाने मोजत नसे
याचे मला फार वाईट वाटे

हे खरं आहे, पण सांगितलेलं आहे. ‘प्रेमाने’ आणि ‘वाईट वाटे’ काढा. ‘असे’, ‘नसे’, ‘वाटे’ ही नेहमीची रीत सांगणारी क्रियापदं लांबूनचं बोलतात, एकदाच घडल्यासारखं वर्तमानात आणा. ‘सर्वांच्या’ फोडा, कोण कोण ते म्हणा. मग:

आजी रोटाचे गहू मोजते.
आबा. थोरला काका. बाप, तो सुरतेत असला तरी.
पाळण्यातला बंटी.
सव्वा मूठ, सव्वा मूठ, सव्वा मूठ.
मी परात धरून उभी.
हलू नको, आजी म्हणते, मोजणं चुकेल.

मुलीचं नाव आलं नाही हे कुठंही म्हटलेलं नाही, तरी ते ऐकू येतं. परात तिच्या हातात असल्यामुळं ती मोजणीत नाही पण कामात आहे, हेही आलं. आजीला खलनायिका करावं लागलं नाही. आणि नदी बदलून ही ओळ कुणाला सांगलीला नेता येणार नाही.

अशी ओळ जमली की हात आवरायचा असतो. बहुतेकांची कविता इथंच बिघडते, कारण पुढची ओळ ते लिहून टाकतात: ‘परक्याचं धन मी, माझी मूठ कुठली?’ टाळी मिळेल, कविता जाईल. समजावून सांगणारी ओळ दिसली की खोडा. कविता तिच्याशिवाय कळते का ते बाहेरच्या एखाद्या माणसाला वाचून दाखवून बघा. कळत नसेल तर वरच्या ओळीत वस्तू कमी पडली आहे, ती भरा.

वय एकच ठेवा. तिसरीतली मुलगी असेल तर तिला हिस्सा, स्थलांतर, अस्मिता हे शब्द ठाऊक नसतात. तिला माणसांचे गुडघे दिसतात, सीटखालच्या पिशव्या दिसतात. प्लेगचंही तसंच. सप्टेंबर १९९४ मध्ये माणसं लोंढ्यानं सुरत सोडून निघाली, प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या, हे सगळं मोठ्यांचं ज्ञान झालं. मुलीला तोंडाला बांधलेला रुमाल आठवत असेल, त्याची गाठ मागं केसांत अडकलेली. गाव आल्यावर तो सोडायचा की नाही, आणि तुम्हाला बघून गावातलं कोण दोन पावलं मागं सरकलं? ‘भयाण’, ‘काळरात्र’ हे शब्द आलेच तर समजा की तुम्ही आठवत नाही आहात, वर्तमानपत्र वाचता आहात. हा प्रसंग कवितेत आला तर आठ ओळींच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर घराणं बाजूला राहील आणि प्लेगची कविता होईल. तीही लिहा, पण वेगळी.

अहिराणी की मराठी

जी भाषा तुम्ही झोपेत बोलता ती. तुमचं शिक्षण मराठीत आणि राहणं पुण्यात, त्यामुळं अख्खी कविता अहिराणीत लिहायला गेलात तर मराठीत विचार करून प्रत्यय बदलाल, आणि गावातली माणसं पहिल्या ओळीत ते पकडतील. निवेदन मराठीत ठेवा. माणसं बोलतात ते अहिराणीत येऊ द्या:

गाडी उशिरा.
‘आते उनी का वं? दिन बुडना.’
आजी कंदील वर धरते, आधी पिशव्या मोजते.

अर्थ कंसात देऊ नका, तळटीप नको. पुढच्या ओळीतल्या कंदिलानं पुण्यातल्या वाचकालाही अंधार कळतो. बोलीतल्या वाक्याला लागून असा एक आधार ठेवला की झालं.

नेहमी होणाऱ्या तीन गडबडी आहेत. पहिली, बोलींची खिचडी. खानदेशी कविता म्हटलं की बहिणाबाईंच्या चालीवर ‘अरे’ म्हणून सुरुवात करायचा मोह होतो. त्यांची बोली लेवा गणबोली, तुमच्या घरची अहिराणी. एकाच आजीच्या तोंडी ‘शे’ आणि ‘हाये’ आलं की आजी खोटी वाटते. ‘मायले’, ‘घरमा’, ‘गावना-गावनी-गावनं’ हे प्रत्यय शेवटपर्यंत सारखे ठेवा. दुसरी, लेखन. घरात ‘डोया’ म्हणत असतील तर ‘डोया’च लिहा, दोन ओळींनंतर ‘डोळा’ नको. अहिराणी तालुक्यागणिक थोडी बदलते, म्हणून प्रमाण कुठलं याची काळजी सोडा. तुमची आई हेच प्रमाण. तिसरी, आणि ही जास्त लागते: अहिराणी फक्त म्हाताऱ्यांच्या, शिव्यांच्या किंवा हसण्याच्या जागी वापरणं. मग बोली म्हणजे गंमत होते. एक तरी गंभीर, कामाचं वाक्य अहिराणीत येऊ द्या, आणि जमल्यास ते मुलीच्या तोंडी.

यमक आणि छंद

यमक हवंच असं नाही. गाव-नाव-ठाव, माती-नाती, आठवण-साठवण या जोड्या आल्या की पुढची ओळ ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते, आणि यमकासाठी तुम्ही खोटं लिहू लागता. तुमच्या पहिल्या ओळीतलं ‘रान’ आणि दुसरीतलं ‘छान’ बघा. बालपण छान होतं म्हणून तो शब्द आलेला नाही, रान होतं म्हणून आला.

पहिला खर्डा मुक्तछंदात करा. मग एखादा तुकडा गाता येईल असा वाटला तर ओवीत बसवा. जात्यावरच्या ओवीचा एक सुटसुटीत साचा आठ-आठ-आठ आणि शेवटी चार अक्षरांचा. अक्षरं मोजायची, ऱ्हस्व-दीर्घ मोजायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा मोकळा:

गाडी नवापुरा आली
माय जरा जागी झाली
तिची बोली बदलली
घराकडं

चौथा चरण आखूड असल्यानं श्वास तिथं थांबतो, म्हणून वजनाचा शब्द तिथं ठेवायचा. स्टेशनांची नावंही या मापात छान बसतात, ‘दोंडाईचा नरडाणा’ बरोबर आठ अक्षरं. अशी एकच ओवी कवितेच्या मध्यावर ठेवली तर कानबाईच्या गाण्यांना सरावलेला कान तिथं लगेच सावरून बसतो. सगळीच कविता ओवीत केली तर प्रश्नोत्तरं त्यात घुसमटतील.

खाण्याचं थोडक्यात. भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी, फुणके, बिबड्या असं सगळं एका कडव्यात आणलं तर ते हॉटेलचं मेनूकार्ड होतं. एकच पदार्थ घ्या आणि तो होताना दाखवा. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरते आणि पालथ्या खापरावर पडते, त्या क्षणी जवळ उभ्या मुलीला काय सांगितलं जायचं? ‘मागं सर’ एवढंच असलं तरी चालेल.

आत्याची गोष्ट

ती तुमच्याकडे जेवढी आहे तेवढीच तुम्ही लिहू शकता. कुणी कुणाला काय सांगितलं, सही का झाली, पैसे दिले की नाही, हे तुम्हाला ऐकीव माहीत आहे. ते कवितेत आलं की कैफियत होते, आणि कानबाईसमोर दोन भावांत भांडण. मुलीनं डोळ्यांनी पाहिलेलं मात्र तिचं स्वतःचं आहे. उदाहरणार्थ:

तहसीलातून आल्यावर आत्या उंबऱ्याच्या आत आली नाही.
‘घरमा ये ना वं,’ आजी म्हणाली.
‘गाडीना टाइम व्हई गया.’
एसटी दीड तासानं होती.

यात आरोप नाही, हिस्सा हा शब्दही नाही. तरीही आत्या हयात असेल तर कविता आधी तिला एकटीला वाचून दाखवा, फोनवर नको, समोर बसून. ती नको म्हणाली तर त्या ओळी वाचायच्या प्रतीतून काढा आणि वहीत ठेवा. कवितेच्या दोन प्रती असायला काहीच हरकत नाही, एक जमावात वाचायची, एक लिहून ठेवायची. आत्याचं नाव बदलून भागेल असं समजू नका. एका कुळात आत्या कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं. दारू, आजार, मोडलेली सोयरीक या गोष्टींनाही हाच नियम.

कापणी आणि वाचन

कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, म्हणजे मसुदा आषाढ संपायच्या आत हातात हवा. पहिला खर्डा एका बैठकीत, चाळीस-पन्नास मिनिटांत लिहून काढा. मध्ये खोडू नका. पन्नास ओळी झाल्या तरी होऊ द्या. मग चार दिवस वहीला हात लावू नका. पाचव्या दिवशी लाल पेन घेऊन तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत भाववाचक नामं: माया, ऊब, संस्कार, नाळ, ओलावा. सगळ्या कवितेत दोनच ठेवायची मुभा. दुसऱ्या फेरीत विशेषणं: प्रत्येक काढून बघा, ओळ पडली तरच परत घाला. तिसऱ्या फेरीत सुरुवात आणि शेवट. पहिल्या तीन-चार ओळी बहुधा घसा साफ करण्याच्या असतात आणि शेवटच्या दोन-तीन समारोपाच्या. दोन्हीकडून कापा, मग मधल्या सैल ओळीही काढा, म्हणजे तीसच्या आसपास येता. गावच्या मातीत परत मिसळून जाण्याचा शेवट तर नकोच, तुम्ही सोमवारी विसर्जन झालं की पुण्याची गाडी धरणार आहात आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना ते माहीत आहे. पुण्यातल्या तिसऱ्या प्रश्नावर, मुलीनं दिलेल्या किंवा न दिलेल्या उत्तरावर थांबा.

मोठ्यानं वाचून बघा, सलग तीन वेळा. एकाच ठिकाणी तिन्ही वेळा जीभ अडली तर ओळ चुकली आहे, सरावानं सुधारणार नाही. अहिराणी वाक्यं आईकडून एकदा म्हणून घ्या. ‘वं’ कुठं लांबतो, ‘शे’ कुठं गिळला जातो हे कागदावरून कळत नाही.

गाणी आणि फुगड्या सुरू झाल्यावर कविता घेऊन उभ्या राहू नका, कुणी ऐकणार नाही. संध्याकाळी माणसं जमत असतात, अजून वाद्यं आलेली नसतात, ती वेळ गाठा. फोनवरून वाचू नका, मध्येच पडदा मिटतो आणि हात थरथरतो. मोठ्या अक्षरांत छापलेला एकच कागद घ्या, प्रत्येक प्रश्नाआधी एक ओळ कोरी सोडा म्हणजे तिथं आपोआप थांबाल. प्रश्न विचारताना समोरच्या एखाद्या म्हाताऱ्याकडं बघून विचारा. तो खरंच उत्तर देईल. दिलं तर हसा आणि पुढं वाचा.

पुन्हा लिहाल तेव्हा सबंध मसुदा पाठवा, चार ओळी नकोत. आणि रोटाच्या मोजणीबद्दल आई काय म्हणाली तेही कळवा, कारण तुमच्याकडची रीत वेगळी निघाली तर वरचा परातीचा तुकडा मुळापासून बदलावा लागेल.